लेफ्टनंटला झेंडूचा हार

लेक अभिराम नौदलात लेफ्टनंट झाला, तेव्हा अच्युतरावांनी त्याचं गणवेशातलं चित्र लाकडावर कोरून घ्यायचं ठरवलं. कारणही तसंच होतं. आर्वीचे रूपराव आपल्या मोहिनीसाठी स्थळ बघायला रविवारी पिपरी मेघेला येणार होते आणि मोहिनीच्या आईला, मंजुषाबाईंना, समुद्राची धास्ती. (“धाम नदीचा पूर पाहून माही छाती धडधडते, हा तं समुद्र!”) टोपी, खांद्यावरच्या पट्ट्या, करारी नजर पाहिली की त्यांना धीर येईल, असा अच्युतरावांचा होरा.

चित्र नेमकं रविवारी सकाळी आलं. त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई अभिरामला आणायला स्टेशनवर गेलेल्या. अच्युतराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क. जयंती-पुण्यतिथीचं काम जन्मभर त्यांच्याकडेच. तसबीर दिसली की हात आपोआप चालत. टेबल, पांढरी चादर, लेकाच्या स्वागताला आणलेला झेंडूचा हार, समई, उदबत्ती. (भाषण तेवढं राहिलं.) मग ते समाधानाने डोक्यावरून आंघोळ करायला गेले.

साबण डोळ्यांत गेला तोच बाहेर चाहूल लागली. ओलं डोकं, उघड्या अंगावर पंचा, डोळे लालभडक, अशा थाटात ते बाहेर आले. पाहुणे वेळेआधीच हजर! रूपराव चित्रापुढे हात जोडून उभे, मंजुषाबाईंचा पदर डोळ्यांना.

“भाऊ, कसं झालं हे?” रूपरावांनी हळूच विचारलं.

“झकास झालं ना? मीच करवून घेतलं!”

मंजुषाबाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या, “दुःखानं डोकं फिरलं जी बिचाऱ्याचं.”

“बसा, चहा टाकतो.”

“नाई, नाई!” रूपराव म्हणाले, “आज या घरात चूल नाई पेटवाची.”

आणि ‘येतो’सुद्धा न म्हणता दोघं बाहेर पडले.

अच्युतरावांनी हिशेब मांडला. चहा नाही, ‘येतो’ नाही, म्हणजे स्थळ गेलंच! आपलं काय चुकलं ते कळेना, आणि पोराच्या काळजीने त्यांना खरोखर रडू यायला लागलं.

तेवढ्यात अभिरामला घेऊन आलेल्या सरोजिनीबाई दारातच किंचाळल्या, “अवो, जित्या लेकराले हार घातला? काऊन?”

अच्युतरावांनी चित्राकडे पाहिलं, समईकडे पाहिलं, आणि पाहुणे चहा का नको म्हणाले ते त्यांना उमगलं. अडखळत त्यांनी सगळं सांगितलं. अभिराम बॅग टाकून धावला. कोपऱ्यावर गाडीत बसणाऱ्या मंजुषाबाईंनी त्याला पाहिलं आणि भूत समजून भररस्त्यात नवऱ्याला मिठी मारली.

पाहुणे परत आले. चूल पेटली, चहा झाला, पोहे झाले, पोरगा पसंत पडला. अच्युतरावांना पुन्हा कंठ फुटला.

“मग वैनी, समुद्राची भीती गेली ना?”

“गेली जी,” असं म्हणून मंजुषाबाई अभिरामकडे वळल्या. “जहाजावर हायेस तोवर मले काईच काळजी नाई. सुट्टीत घरी येशीन, तवा मात्र जपून राहजो बापा!”