फरहातचा समुद्र आणि साहेबांचे बूट

"बेट म्हणजे काय?" हशमीनं विचारलं.

"मुक्त आत्मा, सर!" अख्खा वर्ग ओरडला.

आठवडाभर ही घोकंपट्टी चालली होती. समुद्रापलीकडच्या स्फाक्स शहरातून शाळेच्या तपासणीला येणाऱ्या झुहैर साहेबांनी अभ्यासाला असलेल्या एका जुन्या कादंबरीचं मार्गदर्शक स्वतःच लिहिलं होतं. कादंबरीत एक न्यायाधीश शहराला कंटाळून बेटावर राहायला येतो आणि शेवटी घराची किल्ली समुद्रात फेकतो. साहेबांच्या मते बेट म्हणजे मुक्त आत्मा. हशमीच्या मते बेट म्हणजे त्याची नेमणूक झालेलं हे केरकना, आणि केरकना म्हणजे शिक्षा, पण त्याचं मत कुणी विचारलं नव्हतं. त्याची बायको एमना लग्नानंतर एकदाच इथल्या बोटीत बसली होती. उतरल्यावर ओकतओकतच तिनं शपथ घेतली, की पुन्हा बोटीत पाय ठेवणार नाही. तेव्हापासून ती माहेरी, पार केफच्या डोंगरात. लेक तिथंच वाढत होती आणि हशमी सुट्टीत गेला की त्याला काका म्हणत होती. तपासणीचा अहवाल चांगला गेला तरच त्याची केफला बदली होणार होती.

साहेब आले ते पोटातलं सगळं समुद्राला देऊनच. त्यांनी बेटाबद्दल विचारलं, वर्गानं मुक्त आत्मा दिला. साहेबांच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं.

"आणि बेटाभोवतीचा समुद्र? तो कशाचं प्रतीक आहे?"

हे घोकलेलं नव्हतं. पहिल्या बाकावरची मबरूका उभी राहिली. "कुठला समुद्र, साहेब?"

"कुठला म्हणजे? समुद्र! अथांग! कुणाच्याही मालकीचा नसलेला!"

"असा नाही हो आमच्याकडे," मबरूका म्हणाली. "मासे धरायच्या झावळ्यांच्या कुंपणापर्यंतचा आमचा आहे, आजोबांनी वाटणीत दिलेला. पलीकडचा मामाचा. मधल्या पट्ट्यावर कोर्टात केस चालू आहे."

"मग तो न्यायाधीश रोज मासे धरून खातो, ते कुणाच्या हद्दीतले?" मागून कुणीतरी विचारलं.

"चोरीचे!" वर्गानं निकाल दिला. "शी! आणि म्हणे न्यायाधीश!"

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. केफ हशमीच्या डोळ्यांदेखत लांब लांब जायला लागलं.

"साहेब, बेट वर्गात कळत नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "संध्याकाळी किनाऱ्यावर चला."

इथला समुद्र उथळ. गुडघाभर पाण्यातून माणूस कितीतरी आत चालत जातो. आभाळ राखाडी झालं होतं, वारा सुटला होता, किनाऱ्यावर कुत्रंही नव्हतं. साहेबांना भरून आलं. त्यांनी बूट काढून दगडावर ठेवले, विजार वर दुमडली आणि ते पाण्यात शिरले.

"हशमी! किल्ली फेकताना त्याला असंच वाटलं असेल!"

"साहेब, पुढं कुंपण आहे!"

वाऱ्यात ते साहेबांना ऐकूच गेलं नाही. त्यांचा पाय चिखलात रुतला, तोल गेला, आधाराला म्हणून त्यांनी झावळ्या धरल्या आणि मासे अडवायला उभी केलेली ती अख्खी रांग घेऊन ते आडवे झाले. आतले मासे मात्र खरोखरच मुक्त झाले.

मबरूकाचा बाप फरहात बोंबलत धावत आला. "कुणी पाठवलं रे तुला? माझ्या मेव्हण्यानं ना?"

"मी... मी शिक्षण खात्याचा..." साहेब काकडत म्हणाले.

"तोही खात्यातच आहे! मास्तर, तुम्हीही सामील का?" फरहातनं दगडावरचे बूट उचलून काखेत मारले. "कुंपण उभं करा, मग बूट."

वारा चढला आणि बोट बंद झाली. साहेब हशमीच्या एका खोलीत, हशमीच्याच चपला घालून, त्याच्याच घोंगडीत शिरले. जेवायला जवाचा कुसकुस आणि ऑक्टोपस, दुसऱ्या दिवशीही तेच.

"बोट कधी सुटते?"

"वारा पडला की."

"आणि वारा कधी पडतो?"

"त्याच्या मनात आलं की, साहेब."

दिवसा दोघं गारठलेल्या पाण्यात उभे राहून झावळ्या बांधायचे. फरहात काठावर बसून चुका काढायचा. साहेबांनी आत्म्याचं नाव काढणं सोडलं. ते नुसते खिडकीशी बसायचे. असं भकास तोंड हशमीनं याआधी फक्त आरशात पाहिलं होतं.

"इथं माणसं राहतात तरी कशी?" एकदा त्यांनी विचारलं.

"बाकीच्यांचं हे घर आहे. माझी बदली होत नाही म्हणून मी," हशमी म्हणाला, आणि मग त्यानं लेकीचं ते काका म्हणणं सांगून टाकलं. साहेबांनी घोंगडीला डोळे पुसले.

"मी तुला इथून काढतो. शब्द देतो."

वारा पडला. फरहातनं बूट परत दिले, वर वाळवलेला ऑक्टोपसही दिला. "माझ्या मेव्हण्याला सांगा, कुंपण आधीपेक्षा पक्कं झालंय म्हणून!"

वसंतात साहेबांचा फोन आला. "अभिनंदन! बदली झाली! मी लिहिलं होतं, बेटावरच्या मुलांना बेट शिकवावं तर हशमीनंच, असा शिक्षक देशात दुसरा नाही. खात्यानं फारच मनावर घेतलं."

"केफला?" हशमीनं विचारलं.

"केफला कुठलं रे बेट? जेर्बा! देशातलं सगळ्यात मोठं!"

हशमीनं फोन ठेवला. थोडा वेळ तो सरळ रडला. मग त्यानं एमनाला फोन लावला.

"बदली झाली."

"खरंच? कधी येतोस?"

"जेर्बाला झालीय."

"म्हणजे पुन्हा बेटच?"

"बेटच." आता ती फोन ठेवणार, हे त्याला कळलं. काहीतरी बोलायचं म्हणून तो पडेल आवाजात म्हणाला, "तिकडं पूल आहे म्हणतात."

"पूल? म्हणजे बोट नाही?"

"नाही. बस थेट आत जाते."

एमनानं फोनवर हात ठेवून लेकीला दिलेली हाक त्याला अस्पष्ट ऐकू आली. "अगं, तुझी खेळणी गोळा कर. आपण बाबांकडे राहायला जातोय."

"कुठल्या बाबांकडे?"

"अगं, ते पुलावरचे."