टपावरची बत्ती

नासऱ्यांबद्दल लिहायचं मी पंधरा वर्षं टाळत आलो. कुणी विषय काढलाच, तर त्यांचा एखादा गमतीचा किस्सा सांगायचो, लोक हसायचे, आणि मी पाणी प्यायला उठायचो. आता नासरे राहिले नाहीत. मलाही पंच्याहत्तरावं लागलं. तेव्हा किस्से सांगतोच, पण या वेळी उठणार नाही.

सीताबर्डीच्या भर गर्दीत एखादा उंच, काटकुळा माणूस रस्त्याच्या मधोमध गुडघे वाकवून, दोन्ही मुठी पुढे धरून, नसलेली मोटरसायकल चालवताना तुम्ही कधी पाहिला असेल, तर ते नासरे होते. डोकं ठिकाणावर होतं. ते समोरच्या गाडीवरचा दिवा मोटरसायकलवाल्याला दिसतो की नाही, एवढंच पाहत असत.

कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत रस्त्यांची कामं घेणाऱ्या एका कंपनीत मी वर्कशॉपचा प्रमुख होतो आणि नासरे आमचे इलेक्ट्रिशियन. मूळचे नरखेड तालुक्यातले. कामाच्या गाडीवर पिवळा फिरता दिवा लावावा लागतो, म्हणजे मागून येणारा सावध होतो. तो दिवा कुठे आणि कसा बसवायचा, हा इतरांच्या लेखी दहा मिनिटांचा प्रश्न. नासऱ्यांनी त्यात हयात घातली.

"बत्ती गाडीची नसते जी," ते म्हणायचे, "मांगून येणाऱ्याची असते. ट्रकवाला उंचावरून पाहते, त्याले दिसते. मोटरसायकलवाल्याले निस्ती टँकरची टाकी दिसते. मंग तो टाकीले विचारन का, बाई, वर बत्ती हाय का म्हणून?"

म्हणून दिवा बसवला की दहा पावलं मागे जायचं, गुडघे वाकवायचे, मुठी पुढे करायच्या. मग निकाल. "दिसते" म्हणाले तर गाडी फाटकाबाहेर. "नाई दिसत" म्हणाले तर मालकाचा फोन आला तरी गाडी आत.

एकदा व्हरायटी चौकात एका क्रेनच्या मागे त्यांनी हा प्रयोग मांडला. वाहतूक तुंबली. हवालदार धावत आला.

"काय करून राहिला बे?"

"पाहून राहिलो साहेब. याची बत्ती हूकाच्या मांग लपली. तुमी बी बसून पाहा."

"कशावर बसू?"

"हे काय, माह्या मांग बसा ना."

हवालदाराने इकडेतिकडे पाहिलं आणि खरोखरच गुडघे वाकवले. मी फुटपाथवर उभा होतो. एकाच अदृश्य मोटरसायकलवर दोघं बसलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. "हो रे, नाई दिसत," हवालदार म्हणाला आणि क्रेनवाल्याला झापायला निघून गेला.

नासऱ्यांचं वैर होतं ते चुंबकाशी. बुडाला चुंबक असलेला दिवा टपावर नुसता ठेवला की चिकटतो. भोक नको, बोल्ट नको. दुकानदाराने तो आमच्या ऑफिसच्या फ्रिजला चिकटवून दाखवला. नासरे शांतपणे म्हणाले, "पकडते ना, काहून नाई पकडणार? पण फ्रिज खड्ड्यातून जाते का जी?"

त्यांचा विश्वास बोल्टवर. टपाला भोक, खाली रबर, वर दोन नट, एकावर एक. टँकर असेल तर टाकीच्या मागे पाइप उभा करून त्याच्या टोकाला दिवा. याच उत्साहात त्यांनी मालकांच्या नव्या जीपच्या टपाला भोक पाडलं होतं. पहिल्याच मोठ्या पावसात त्यातून मालकांच्या टकलावर थेंब थेंब पाणी पडत राहिलं, थेट काटोलपर्यंत. मालक लाल झाले होते.

"पाणी पडलं, कबूल," नासरे म्हणाले. "पण बत्ती पडली का मालक?"

तेव्हापासून टपाला भोक म्हटलं की मालकांचा हात डोक्यावर जायचा. म्हणून चार नवे-जुने टँकर आले तेव्हा मी चुंबकाचे दिवे मागवले. एका टँकरची केबिन आधी चेपलेली होती, टपावर पुट्टी भरून रंग मारला होता. नासऱ्यांनी खिशातला चुंबक तिथे लावून पाहिला. तो घसरून माझ्या बुटापाशी पडला.

"साहेब, हा धरत नाई. आन् धरला तरी मांगून टाकीच दिसते. पाइप लावू द्या."

"नासरे, चुंबकच लावा. मला मालकांशी पुन्हा तो जीपचा विषय नको आहे."

"दिसणार नाई जी."

"लावा म्हटलं ना!"

त्यांनी लावला. पण कामाच्या वहीत आपल्या मोठ्या, वळणदार अक्षरात लिहिलं: 'चुंबक नको. टाकीमागे पाइपावर बोल्टने बसवा. मागून दिसत नाही.' मी त्याखाली लिहिलं, 'पाहिले. चुंबकच लावा,' आणि सही ठोकली.

महिन्याभरात, थंडीतल्या एका धुक्याच्या सकाळी, तो टँकर दुभाजकावरच्या झाडांना पाणी घालत उभा होता. वाटेत कुठेतरी दिवा टपावरून घसरला होता आणि वायरला धरून दाराशी लोंबकळत होता. मागून एक दूधवाला मोटरसायकलवरून आला आणि टाकीवर आदळला. जीव वाचला. पाय मात्र पुन्हा सरळ झाला नाही.

मालकांनी कामाची वही मागवली. माझ्या धाकट्या मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. नोकरी गेली तर काय, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. मी ते पान फाडलं आणि वही पाठवली.

दुपारी मालकांसमोर आम्ही दोघं उभे होतो.

"दिवा कोणी बसवला?"

"मी," नासरे म्हणाले.

"पडेल हे कळत नव्हतं? कोणाला सांगितलंत, कुठे लिहिलंत?"

नासऱ्यांनी टेबलावरच्या वहीकडे पाहिलं. फाटलेल्या पानाची कड शिवणीपाशी दिसत होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांपूर्वी कोणत्या गाडीला कोणत्या मापाचा बोल्ट घातला हे सांगणारा तो माणूस मान खाली घालून म्हणाला, "आठवत नाई जी."

मी टेबलावरची वही उचलली आणि बगलेत धरली.

त्यांना हत्यारांना हात लावायची बंदी झाली. फाटकावर बसवून गाड्यांचे नंबर लिहायला दिले. तिथेही प्रत्येक बाहेर पडणाऱ्या गाडीमागे त्यांची मोटरसायकल सुरूच असायची. ड्रायव्हर हसायचे. "नासरेबुवा, किती मायलेज देते?" नासरेही हसायचे.

लग्नाची पत्रिका मी त्यांना दिली नव्हती. हिंमत झाली नाही. तरी ते आले, इस्त्रीचा सदरा घालून, घरच्या संत्र्यांची पिशवी घेऊन. दुपारी मुलीच्या पाठवणीची वेळ झाली. बायका रडत होत्या, माझाही बांध फुटायच्या बेतात होता, आणि गाडीमागून आवाज आला, "ड्रायव्हर, ब्रेक मार गा! आता उजवीकडचा लाव!"

नासरे गुडघे वाकवून उभे. फुलांच्या माळा मागच्या दिव्यांवर आल्या होत्या, त्या त्यांनी एकेक करून बाजूला बांधल्या. पुन्हा दहा पावलं मागे गेले, मुठी पुढे केल्या. व्याही मंडळी बघत राहिली. मग ते माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "मांगून दिसते साहेब. जाऊ द्या पोरीले."

त्यानंतर माफी मागणं सोपं व्हायला हवं होतं. उलट अवघड झालं.

गेल्या वर्षी मात्र मी नरखेडची एस.टी. धरली. ते फाटलेलं पान खिशात होतं. गावात शिरतानाच पाहिलं, ट्रॅक्टरच्या प्रत्येक ट्रॉलीमागे लोखंडी पाइप उभा, टोकाला पिवळा दिवा, खाली दोन नट, एकावर एक. पत्ता विचारावा लागला नाही.

"साहेब! तुमी?" नासरे अर्धे झाले होते. त्यांनी मला खाटेवर बसवलं, मोसंबी सोलून दिली, सुनेला हाक मारली, "वं सूनबाई, हे माहे साहेब! यायनंच मले वर्कशॉपात सांभाळून घेतलं."

मी खिशात हात घातला. शेजारचे लोक जमले. नासरे जीपचा किस्सा सांगू लागले, सगळे हसले, मीही हसलो. मग मी पाणी मागितलं.

परतीच्या बसपर्यंत सोडायला ते आले. वाटेत दोनदा मी "नासरे" म्हणून थांबलो. दोन्ही वेळा ते म्हणाले, "चाला साहेब, गाडी निघून जाईन."

मी मागच्या लांब सीटवर, काचेपाशी बसलो. खाली त्यांचा आवाज आला, "ड्रायव्हर, ब्रेक दाब गा एकदा!" बस हलली. मी वळून पाहिलं. धुळीत, रस्त्याच्या मधोमध, ते कधी वाकले नव्हते इतके वाकून उभे होते. मुठी पुढे.

मी ते पान काढून काचेला लावलं आणि मोठ्याने म्हणालो, "नासरे, पान मी फाडलं. माझं चुकलं."

बस लांब गेली होती. काच बंद होती. त्यांना वाटलं, मागून दिवे दिसतात का, असं मी विचारतो आहे. त्यांनी हँडलवरचा एक हात काढून उंच केला आणि जोरजोरात मान हलवली: दिसते, साहेब, दिसते.