साथीची पूर्वसूचना

सरकारी दवाखान्यात आजार केव्हाही शिरू शकतो. औषधाला मात्र रीतसरच यावे लागते. चाकणजवळच्या एका लहानशा दवाखान्याचे खरेदी कारकून उद्धवराव हे तत्त्व जिवापाड जपत. थर्मामीटर फुटला, तेव्हा त्यांनी तीन दुकानदारांकडून दरपत्रके मागवली. दोनच आली. तिसऱ्याची वाट पाहण्यात दोन पावसाळे सरले (तिसरे दुकानदार वारले होते, परंतु तसे त्यांनी लेखी कळवले नव्हते). तोवर नर्स सोजराबाई रोग्याच्या कपाळाला हात लावून ताप सांगत.

सत्तावन्न साली फ्लूची साथ आली. निम्मे गाव अंथरुणाला खिळले. पुण्याहून तार आली : दरपत्रकांसाठी न थांबता लागेल ते घ्या, वेळ दवडू नका. उद्धवरावांना दरदरून घाम फुटला. तो ताप नव्हता, अधिकार होता.

ते तडक पुण्याला गेले. थर्मामीटर केव्हाच संपले होते. दुकानदार म्हणाला, एनिमाची भांडी आहेत, नळीसकट, हवी तेवढी न्या. फ्लूमध्ये एनिमा कशाला, असे विचारणे म्हणजे वेळ दवडणे. आणि त्याला तर तारेनेच मनाई होती. उद्धवराव ट्रकभर भांडी घेऊन छाती काढून परतले.

घरी पत्नी कौशल्याबाई तापात बरळत होत्या. सोजराबाई उशाशी बसून पाण्याच्या पट्ट्या ठेवत होत्या. ताप किती आहे, असे उद्धवरावांनी विचारले. सोजराबाईंनी कपाळावर तळवा टेकवला.

"लई हाय."

नेमका आकडा सांगा, असे म्हणायला त्यांनी तोंड उघडले, तोच त्यांना न आलेले तिसरे दरपत्रक आठवले. मग ताप उतरेपर्यंत ते पंख्याने वारा घालत बसून राहिले. कौशल्याबाईंनी पेज मागितली, तेव्हा उद्धवरावांचे डोळे भरून आले (याची दप्तरी नोंद नाही).

साथ ओसरली. चिमाजी नावाच्या शेतकऱ्याने एक भांडे मागून नेले, बांधावर टांगले आणि नळीने मिरचीच्या रोपांना पाणी सोडले. बघता बघता बाकीचीही भांडी शिवारात गेली. मिरची झकास आली. आरोग्य खात्याची एखादी योजना इतकी फळाला आल्याचे गावात कोणाला आठवत नव्हते.

वरून मात्र खुलासा मागवण्यात आला. तेव्हा उद्धवरावांनी स्वतःच नवा नियम लिहिला : यापुढे दरपत्रके सात, तातडीची खरेदी करणे असल्यास साथ येण्यापूर्वी एक महिना अर्ज करावा.

सोजराबाईंनी तो ऐकून घेतला. "आन् साथीला ह्ये कळवायचं कुनी?"

"ते आपल्या खात्याकडे येत नाही," उद्धवराव म्हणाले.

हरकती मागवण्यासाठी नियम चावडीवर लावला गेला. एकही हरकत आली नाही. लोकांचा ताप उतरला होता. खात्याने उदार मनाने हरकतींची मुदत अद्याप उघडी ठेवली आहे. आपणही हरकत नोंदवू शकता. पण इतके हसत वाचत आलात, त्या अर्थी आज आपल्यालाही ताप नसावा.