नानाजी सरांचे आठ पॉइंट नऊ

पोंभुर्ण्याच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात दोन नवे कॉम्प्युटर आले आणि ते ठेवायचे कुठे यावरून कुजबुज सुरू झाली. प्राचार्यांना ते ऑफिसात हवे होते, मयुरी मॅडमना भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत. शेवटी प्राचार्यांनी तोड काढली: शनिवारी प्रयोग करून दाखवा, पोरांच्या कामाचे वाटले तर तुमचे, नाही तर ऑफिसचे. क्लार्क पवनने त्याच दिवशी ऑफिसातलं एक टेबल रिकामं करून पुसून ठेवलं.

मयुरीने पाहुणे म्हणून नानाजी सरांना बोलावलं. याच खोलीत, याच सरांच्या हाताखाली ती शिकली होती. काय दिवस होते ते! हिरवा ग्राफपेपर, सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल, आणि ठिपक्यांमधून रेघ कुठून न्यायची यावर मैत्रिणींशी भांडण. मग सर मागून येत, शिलाईचा दोरा कागदावर ताणून धरत आणि दोऱ्याच्या वर-खाली सारखे ठिपके दिसले की म्हणत, आता काढा. खोडून खोडून कागदाला भोक पडे, पण ती एक रेघ आपली वाटे. आता तीच रेघ एक्सेलमध्ये एका क्लिकवर येत होती. ती बघून सरांनी एकदा शाबास म्हणावं, अशी मयुरीची फार इच्छा होती.

प्रयोग साधा, लंबकाचा. वेगवेगळ्या लांबीच्या दोरीवर गोळा झुलवायचा, वीस झोक्यांना किती सेकंद लागतात ते बघायचं, आलेख काढायचा आणि रेघेच्या चढावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. तो नऊ पॉइंट आठच्या आसपास यावा लागतो, आणि पोरांना ते प्रयोगाआधीच पाठ असतं. झोके मोजायचा मान मयुरीने सरांना दिला. स्टॉपवॉच बारावीच्या रीनाकडे होतं. सर नुसते ओठ हलवत मोजत आणि शेवटी "बस" म्हणत. रीना बटण दाबे.

आकडे भरले तसे पडद्यावर ठिपके उमटले. प्रत्येक ठिपक्याच्या खाली-वर एक उभी काडी होती. माप चुकलंच तर फार तर इथून इथपर्यंत चुकलं असेल, हे सांगणारी. काड्या इतक्या आखूड की पोरं पुढे वाकून बघू लागली. त्या काड्यांतून जाणारी सर्वांत जास्त चढाची आणि सर्वांत कमी चढाची अशा दोन रेघाही मयुरीने काढल्या, त्याही एकमेकींना चिकटून. ती मनात खुलली. मग तिने उत्तर काढलं, आणि ते आलं आठ पॉइंट नऊ. त्या दोन रेघांनी किती ताणलं तरी नऊच्या वर जाईना.

प्राचार्य मराठीचे होते, पण एवढं त्यांनाही ठाऊक होतं. "मॅडम, आपल्या इकडं गुरुत्वाकर्षण कमी पडते काय?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

मग जी धावपळ उडाली ती विचारू नका. दोरी पुन्हा मोजली, अगदी गोळ्याच्या मध्यापर्यंत. पंखा बंद केला. सूत्र तपासलं. स्टॉपवॉच प्राचार्यांच्या मोबाइलशी ताडून पाहिलं, तर मोबाइलवर त्यांच्या सासऱ्यांचा फोन आला. रीना रडकुंडीला आली. मशीनले जे भरवलं तेच ते सांगते, असं म्हणून सरांनी तिची समजूत काढली. प्राचार्यांनी पवनला खूण केली आणि त्याने शेजारच्या कॉम्प्युटरची वायर गुंडाळायला घेतली.

"एक डाव परत मोजता का, सर?" मयुरी म्हणाली आणि या वेळी सरांच्या अगदी जवळ उभी राहिली. गोळा सुटला. पहिला झोका पुरा होताच सर पुटपुटले, "लाभ... एक... दोन..."

धान मोजताना पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतात. पुष्कळ ठिकाणी लाभानंतर दोन येतं. सरांच्या घरी मात्र लाभ देवाच्या नावाचा, मोजणीत न धरायचा. एक त्याच्या पुढे. म्हणजे सरांचे वीस झोके मुळात एकवीस होते, आणि प्रत्येक वेळी अगदी नेमाने एकवीस.

मयुरी पेचात पडली. बोलावं तर भरल्या वर्गात सरांना चुकलात म्हणायचं, न बोलावं तर कॉम्प्युटर गेले. कॉम्प्युटर जाऊ देत, असंसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं. शेवटी तिने काही न बोलता वीसच्या जागी एकवीस टाकले. रेघ जराशी कलली आणि नऊ पॉइंट आठ आलं.

"एकवीस कोणत्या हिशोबानं टाकले?" सरांनी विचारलं. उत्तराची वाट न बघता त्यांनी स्वतः गोळा ओढून सोडला आणि वर्गाला ऐकू जाईल असं मोजू लागले. "लाभ, एक, दोन..." आणि तिथेच थांबले.

"रिटायर झालो तवापासून धानच मोजून राह्यलो ना," सर हळूच म्हणाले. मग पोरांकडे वळले. "लिहून घ्या. सारे ठिपके एका रेघेत आले म्हणून खरे होत नाई. एकच चूक नेमानं केली, त काड्या लहानच राह्यते."

पोरांनी खरंच लिहून घेतलं. प्राचार्य मात्र विचारात पडले. माणसाने तोंडातल्या तोंडात मोजलेलंसुद्धा पडद्यावर उघडं पाडणारी वस्तू ऑफिसात नेण्यात काय शहाणपण आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "राहू द्या इथंच," ते पवनला म्हणाले. "पोरांच्या कामाची चीज आहे." पवनने वायर मुकाट्याने उलगडली.

सगळे पांगल्यावर मयुरी सरांना फाटकापर्यंत सोडायला गेली. "तुले ऐकू आलं होतं ना?" सरांनी विचारलं.

"हो, सर."

"मंग बोलली काऊन नाई? कॉम्प्युटर चालले होते तुये."

"तुम्ही मोजत असताना मधात बोललं की पट्टी बसे, सर."

सरांना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. ते फाटकातूनच माघारी वळले. "चाल, परत मोजू. अन् चुकलो त मोठ्यानं सांग."

मयुरीने पुन्हा दोरी बांधली. सर शून्यापासून मोजू लागले. जेमतेम पाचावर आले असतील, तोच ती मोठ्याने म्हणाली, "सर, गोळा सरळ नाई चालून राह्यला, गोल फिरून राह्यला."

सरांचा हात सवयीने टेबलावर पट्टी शोधू लागला.