दादांच्या गाडीचा क्लच

बद्रीनाथदादा गेले, त्यांची राख सावडल्याच्या दुसऱ्याच दिवशी धाकट्या भावानं, म्हणजे सर्जेरावांनी ठरवलं, की गाडीचा क्लच आपणच बसवायचा.

त्याला कारण होतं. दवाखान्यात शेवटी शेवटी दादांना बोलवत नव्हतं, तरी त्यांनी भावाचा हात धरून म्हटलं होतं, "सर्जा, मला पैठणला माझ्याच गाडीत ने." सर्जेराव "व्हय दादा" म्हणाले होते. दादांच्या आजारपणापासून गाडी पोर्चमध्ये उभी आहे आणि तिच्या क्लचवर पाय ठेवला की तो थेट जमिनीला टेकतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण अशा वेळी क्लचचं कोण काढतं?

दहावा पैठणला गोदावरीवर होता. मेकॅनिकनं बोनेट उघडून मान हलवली. "वरचा मास्टर सिलिंडर गेला, पाइपही गंजला. कंपनीचा माल आता येत नाय. दुसरा शोधतो, पण दहाव्यापर्यंत नाय व्हायचं."

"वर टाकी, मधे पाइप, खाली तोटी," सर्जेराव घरी येऊन म्हणाले. "पेडल दाबलं की तेल पाइपातून खाली जातं आणि गिअर मोकळा करतं. यात अवघड काय? पाइपाचं मला नका सांगू."

सर्जेरावांनी उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात पाइपांच्या फायली हाताळल्या होत्या. (फायली. पाइप नव्हे. पण हा फरक त्या वेळी कुणी काढला नाही. त्यांनी दुरुस्तीला उघडलेला मिक्सर अजून सुटाच पडलेला असूनही त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई गप्प राहिल्या. सुतकात भांडण नको म्हणून.)

स्पेअर पार्टच्या दुकानदारानं सिलिंडर-पाइपाचा खोका पुढं सरकवला. "चाचा, कंपनी का है क्या नक्को पूछो. बैठता. नहीं बैठा तो थोडा ठोको."

इकडे अस्थी घरात न आणता झाडाला टांगतात, आणि दारातलं झाड तर रस्ता रुंद करताना गेलेलं. म्हणून दादांच्या मुलानं, गोकुळनं, लाल फडक्यात बांधलेलं गाडगं गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं. त्यामुळे सर्जेराव डॅशबोर्डखाली डोकं घालून नट फिरवायला लागले, तेव्हा दादा मागं बसलेले होते. जिवंतपणीही ते तिथंच बसून "हळू, सर्जा, रिक्षा येतीय" म्हणायचे. आता म्हणत नव्हते. हे मधेच आठवायचं आणि सर्जेरावांना नट दिसेनासा व्हायचा.

सिलिंडर बसेना, तेव्हा ठोकला. पाइप सरळ होता आणि गाडीत जागा वाकडी, म्हणून तो गुडघ्यावर वाकवला. वर तेल भरलं. राहिलं फक्त एअर काढणं. पाइपात हवा राहिली की पेडल पोकळ लागतं. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं गाडीखाली झोपून खालच्या तोटीचा निप्पल सैल करायचा आणि हवा निघाली की आवळायचा. तोवर वरचा पाय हलता कामा नये. हलला की बाहेर गेलेली हवा परत आत.

पेडलवर मनकर्णाबाईंना बसवलं.

पण घर दुखवट्याचं. खुलताबादकडचे पाहुणे रोज भेटायला येत होते. दारात बाई दिसली की घरच्या बाईनं उठून तिच्या गळ्यात पडून रडायचं असतं, आणि त्याला उशीर झालेला चालत नाही. "थोरल्या दिराचं हिला काही वाटलंच नाही," हे मग प्रत्येक लग्नात ऐकावं लागतं.

"दाब."

"दाबलं."

"धर. सोडू नको."

फाटक वाजलं. बाहेरून कुणीतरी गळा काढला. गाडीखालून सर्जेरावांना बायकोच्या चपला पळताना दिसल्या आणि निप्पलनं सुर्रकन हवा ओढून घेतली.

"अगं, सोडलंस?"

"मग काय गाडीत बसून रडू?"

"व्हय, बसून रड. पाय हलवू नको."

पुढच्या पाहुणीच्या गळ्यात मनकर्णाबाई खिडकीतूनच पडल्या. पण हुंदका आला की पायही उचलला जायचा. मग सर्जेरावांनी पुरुष धरले. मावसभाऊ कचरू "फार वाईट झालं" म्हणायला आला, त्याला बोलायच्या आत ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. तो पेडल दाबून आपले वडील कसे गेले ते सांगू लागला आणि डोळे पुसायला उठला. येईल त्यानं दाबलं, जो तो रडला, हवा तेवढी आत राहिली.

गावाकडं मात्र सर्जेरावांचं नाव झालं. "भावाचं लई मनाला लावून घेतलंय त्यानं. दिवसभर गाडीखाली पडून असतो."

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी पेडल जरा घट्ट लागलं. सर्जेरावांनी मागच्या सीटकडं बघून हात जोडले.

सकाळी गाडी निघाली. शेजारी द्वारकावहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी. मागं मनकर्णाबाई आणि गाडगं मांडीवर घेतलेला गोकुळ. चितेगाव गेलं आणि पेडल जमिनीला टेकलं ते वर आलंच नाही. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकली. चालत होती, पण थांबवली असती तर पुन्हा निघाली नसती.

बिडकीनला बहीण मुक्ताआक्का पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती.

"काका, आत्या."

"दिसली."

"मग थांबवा की."

"थांबवता येत नाय."

आक्कानं वर केलेला हात तसाच राहिला. गोकुळनं मान बाहेर काढून सांगितलं, "आत्या, एसटीनं ये." पैठणच्या अलीकडे एसटीनं त्यांना मागं टाकलं. खिडकीत आक्का होती. तिनं इकडं बघितलं नाही.

नदीजवळ सर्जेरावांनी गाडी मातीच्या ढिगात घुसवून थांबवली. पण दादा त्यांच्याच गाडीत आले होते. अस्थी पाण्यात सोडताना सर्जेराव एवढंच पुटपुटले, "आणलं, दादा."

मग पिंड मांडले आणि कावळा शिवेना.

कावळे होते. सगळे दादांच्या गाडीच्या कॅरियरवर बसले होते. गोकुळनं हात जोडून सांगितलं, "आईला सांभाळीन." एकही हलला नाही. "आत्याचं माहेर तोडणार नाही." आक्का फुगलेली होती, कावळेही बसून राहिले. ऊन चढलं. सर्जेरावांनी कॅरियरकडं पाहिलं. शब्द पाळूनही दादा नाराज आहेत?

द्वारकावहिनी पदर सावरत पुढं झाल्या. "अवो," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या गाडीला भाऊजी परत हात लावणार नाहीत."

एक कावळा लगेच उतरला. उड्या मारत पिंडाशी आला.

"वहिनी, तसं फक्त एअरच राहिलीय," सर्जेराव हळूच म्हणाले. "रविवारी काढून टाकतो."

कावळा परत कॅरियरवर जाऊन बसला.

सगळा गोतावळा सर्जेरावांकडं बघू लागला. ते उठले, ओंजळीत गोदावरीचं पाणी घेतलं. "दादा, नाय लावणार हात. क्लचला नाय, कशालाच नाय."

कावळ्यानं पिंडाला नुसतं शिवलं नाही, चोच भरून घास घेतला. बायका रडू लागल्या. सर्जेरावही खांदे हलवून रडले.

मनकर्णाबाईंनी डोळे पुसले आणि नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"कावळा हाय तोवर मिक्सरचंही सांगून टाका."