चपलांची तोंडं रस्त्याकडे

आमच्या गल्लीत एखाद्या दारासमोरच्या सगळ्या चपला ओळीने, टोकं रस्त्याकडे करून मांडलेल्या दिसल्या, की समजायचं, धुडकूआबा या घरी चहा पिऊन गेले. चहा प्यायला ते आत जातात, पण त्याआधी उंबऱ्याशी वाकून घरातल्या आणि पाहुण्यांच्या साऱ्या चपला फिरवून ठेवतात. कोणाची परवानगी वगैरे नाही. कोणी हटकलंच तर उत्तर ठरलेलं. "वहिनी, आग काय वाट देखस का? तोंड बाहेर ठेवा. पाय घाला नि निंघा!"

धुडकूआबा आमच्या नंदुरबारच्या अग्निशमन दलात आहेत आणि तिथल्या कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्षही. बंबाची गाडी नेहमी मागे घेत शेडमध्ये लावतात, म्हणजे घंटा वाजली की वळवत बसायला नको. बूटसुद्धा तसेच, टोकं फाटकाकडे. नोकरीतली ही शिस्त माणसानं नोकरीतच ठेवावी की नाही? आबांनी ती घरी आणली आणि तिथून गल्लीभर वाटली. त्यांची स्कूटर अंगणात उलटी शिरते. हॉटेलात ते दाराकडे तोंड करूनच बसतात, मग समोर कितीही थोर माणूस बसलेला असो. खाटेवर झोपतात तेही पाय दाराकडे करून.

माझ्या सासूबाईंना हे पाहून कापरं भरायचं. "आरे धुडकू, दारकडे पाय करीसन मढाले निजाडतस!"

"मावशी, मी उठस नि सरळ निंघस," आबा म्हणायचे. "वळाले टाइम जास."

देवळातल्या सप्ताहात तर त्यांनी मंडपाबाहेरच्या झाडून साऱ्या चपला फिरवल्या होत्या. जोड्यांची अशी काही सरमिसळ झाली, की मी घरी आले तेव्हा माझ्या एका पायात माझी आणि दुसऱ्या पायात नगरसेविकाबाईंची चप्पल होती. मी चिडले. पण खरं सांगायचं तर सकाळी शाळेची घाई असताना टोकं बाहेर असलेली चप्पल फार बरी पडते. हे मी आबांना अजून सांगितलेलं नाही.

त्यांच्या संघटनेची बैठक बघण्यासारखी असते. सगळ्यांनाच दाराकडे तोंड हवं. त्यामुळे अध्यक्ष मागच्या रांगेत बसतात आणि सभासदांच्या पाठींशी बोलतात. बूट द्या, हेल्मेट द्या, या मागण्या असतातच. पण त्या संपल्या की कोणत्या गल्लीत कोणी जायचं ते ठरतं, कारण ही मंडळी सुट्टीच्या दिवशी घरोघरी हिंडून गॅसच्या नळ्या बघतात. रेग्युलेटर हुंगतात, चिरलेली नळी दिसली तर बाईमाणसाला दम भरतात आणि चहा घेऊन पुढे जातात. विहिरीत पडलेली बकरी काढायची असो की विजेच्या खांबावर अडकलेलं मांजर, बोलावणं यांनाच. एकदा मिरचीच्या पथारीवर, म्हणजे लाल मिरची वाळत घालतात त्या मोकळ्या जागेवर, रचलेल्या पोत्यांना आग लागली. धुराने अर्ध्या गावाचे डोळे गळत होते. यांनी ती विझवली, पण यांच्या शिंका काही विझेनात. सत्काराला उभे राहिले तेही शिंकत.

आबांची लेक मनू याच लोकांनी वाढवली. तिची आई ती लहान असतानाच गेली. आबांची ड्यूटी असली की मनू केंद्रात बसून अभ्यास करायची आणि तिथले काका पाळीपाळीने तिची वेणी घालायचे. वेणी कसली, पाण्याचा पाइप गुंडाळावा तशी ती गुंडाळी असायची. मी तिची शाळेतली बाई, वर्गात ती सोडून पुन्हा घालायची.

अशी ही मनू मोठी झाली, नर्स झाली आणि लोणखेड्याच्या एका मुलाचं स्थळ तिला सांगून आलं. मुलगा कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला, घरची बागायती. दोघं आधी फोनवर बोलली होती आणि मनूला तो आवडला होता. हे तिने मला सांगितलं, आबांना नाही, पण आबांनाही कळलं होतं. त्या आठवड्यात ते स्कूटर रोज दोनदा धूत होते.

पाहायला मंडळी आली. पोहे मीच केले. मुलाचे वडील मगननाना मोजकं बोलणारे, ताठ गृहस्थ. तरी सगळं छान चाललं होतं. फक्त आबांचं लक्ष नव्हतं. त्यांची नजर सारखी दाराकडे जायची. तिथे पाहुण्यांच्या चपला आत तोंड करून पडल्या होत्या. मी डोळ्यांनी दटावलं. ते पाणी आणायच्या निमित्ताने उठले आणि थोड्या वेळाने एकदम समाधानी चेहऱ्याने परत आले.

निरोप घ्यायला मंडळी उठली, दाराशी आली आणि थबकली. सगळ्यांच्या चपला ओळीने, रस्त्याकडे तोंड करून.

"म्हनजे आम्ही चालतं व्हवानं, आसंच ना?" मगननाना हळू आवाजात म्हणाले.

"नही हो नाना!" आबा घाबरून बोलून गेले. "उद्या आठे आग लागनी, तर तुम्हले पळाले सोपं!"

मुलाच्या आईने पदर तोंडाला लावला. "शुभ कामले उनूत, नि हाऊ माणूस आगनं नाव काढी ऱ्हायना!"

दुसऱ्या दिवशी निरोप आला, आमचा विचार नाही.

मनू रडली नाही, भांडली नाही. आबांना जेवायला वाढायची आणि ड्यूटीवर जायची. आबांना ते सहन होईना. त्यांनी स्कूटर सरळ, नाक आत करून लावली. ती तशी बघून साऱ्या गल्लीला वाटलं, आबांची तब्येत बिघडली. मलाही त्या माणसाचं फार वाईट वाटलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांना जपलं आणि स्वतःच्याच घरात हे करून बसला.

शेवटी संघटनेने मनावर घेतलं. मनू तर त्यांच्या साऱ्यांचीच. रविवारी एक क्रूझर जीप ठरली, सगळे इस्त्रीचे कपडे घालून निघाले, आणि एखादी शहाणी बाई बरोबर असावी म्हणून मलाही घेतलं. प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल ओलांडला तसा आबांनी गाडीत हुकूम काढला. "आज कोनी चपला फिरावानी नही. सीधं जावानं, सीधं बसानं." सगळ्यांनी मान डोलावली. संघटनेचा ठराव एकमताने मंजूर.

लोणखेड्याला मगननानांनी "या" म्हटलं, पण चेहरा दगडाचा. आम्ही ओसरीवर बसलो. काय बोलायचं ते संघटनेच्या सेक्रेटरींनी पाठ केलं होतं. त्यांनी घसा साफ केला, आणि तेवढ्यात मगननानांची नजर अंगणात गेली. ती तिथेच खिळली. मीही वळून पाहिलं.

एकूण एक चप्पल रस्त्याकडे तोंड करून उभी होती. सगळ्यांसारखी मीही नकळत पायरीशी वळून, उलट्या पावलांनी वर चढले असणार, कारण माझीही चप्पल त्यातच होती. आणि ड्रायव्हरला कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी आमच्यात बसून बसून त्याने क्रूझरसुद्धा मागे घेत घेत लावली होती.

आबांनी कपाळावर हात मारला.

मगननाना आधी गालात हसले, मग मोठ्याने, मग डोळे पुसत घरात हाक मारली. "आवं, बाहेर ये! दख, आठे समदासले एकच रोग शे!"

पाठ केलेलं भाषण तसंच राहिलं. चहा आला, मग जेवणच झालं, आणि निघण्याआधी मगननानांच्या घरातल्या गॅसची नळीही बघून झाली. लग्नात संघटनेच्या लोकांनी वाढायचं काम घेतलं, आणि आबा आचाऱ्याच्या भट्टीपाशी पाण्याची बादली घेऊन उभे होते. पाठवणीच्या वेळीही ते तिथेच होते. कोणीतरी त्यांना ओढून आणलं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात. मनूही आली, दोन दिवस राहिली, झोक्यावर बसली, आणि तिला न्यायला जावई आले. दुपारी मी ओट्यावर पापड वाळत घालत होते. समोर आबा उंबऱ्याशी वाकलेले दिसले. मला नवल वाटलं नाही. त्यांचं नेहमीचंच.

थोड्या वेळाने रिक्षा येऊन उभी राहिली. मनू पिशवी घेऊन बाहेर आली आणि दारातच थांबली.

"आबा, मन्ह्या चपला कोनी फिराव्यात?"

आबा स्कूटर पुसत होते. "वारा व्हता," ते मान वर न करता म्हणाले.

निंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं. मनूच्या चपला घराकडे तोंड करून होत्या. शेजारी जावयांच्या मात्र शिस्तीत, रस्त्याकडे.

मनू क्षणभर चपलांकडे बघत राहिली. मग तिने पिशवी खाली ठेवली. "मी चहा ठेवस," म्हणाली आणि आत वळली. जावईही हसून तिच्यामागे गेले. मला मात्र पापड नीट दिसेनात.

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. "आबा, चला ना, बस चुकी जाई!"

आबा आरामात पायरीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची पाठ रस्त्याकडे होती.

"ऱ्हाऊ दे रे भाऊ," ते म्हणाले. "काय घाई शे? कोठे आग लागनी शे का?"