ताडपत्रीखालचा नवरा आणि अंतराळयान

मी फक्त एवढंच ठरवलं होतं की, बायकोच्या पिकअपच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली थोडा वेळ पडून राहायचं. पंचावन्न वर्षांच्या माणसाने असं काही ठरवू नये, हे मला आता पटलंय. (तेव्हाही पटलं होतं, पण तोवर गाडी सुरू झाली होती.)

संशय घेणं हा अमेरिकेच्या वाळवंटातल्या आमच्या मोहावे गावचा घरगुती उद्योग आहे. विमानतळावरच्या एका खाजगी कंपनीने माणूस बसवून अंतराळात न्यायचं यान बांधलं, पण चाचणी कधी, हे ती कोणाला सांगत नाही. मग आम्हीच ताडतो. हँगरमध्ये पहाटेच्या चाळीस न्याहाऱ्या मागवल्या, वारा पडला, की समजायचं उद्या उड्डाण. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत अर्धं गाव घडीच्या खुर्च्या घेऊन कुंपणाशी हजर.

अशी तीन उड्डाणं झाली. मी तिन्ही वेळा हजर होतो आणि तिन्ही वेळा मला काही दिसलं नाही. मोठं विमान पोटाशी धरलेलं यान उंचावर नेऊन सोडतं, यानाचं इंजिन पेटतं आणि मिनिटाभरात खेळ खलास. पहिल्या वेळी मला शिंक आली. दुसऱ्या वेळी दुर्बिणीचं झाकण काढायचं राहिलं. तिसऱ्या वेळी मी शेजारच्या अर्लला यान कुठे दिसेल ते समजावत होतो. आता वैमानिक थेट काळ्या आकाशापर्यंत जाणार, अशी कुजबुज होती. हे हुकलं तर अर्ल मला मरेपर्यंत सुखाने जगू देणार नव्हता.

पण त्याच आठवड्यात, ज्या डोक्याने मी यान ताडत होतो, त्याच डोक्याने बायको ताडायला लागलो. ग्लेंडा पहाटे चारला उठून गुपचूप बाहेर पडायची. थर्मास एक, कप दोन. कोटाला विमानाच्या इंधनाचा, रॉकेलसारखा वास. आणि एकदा फोनवर, हलक्या आवाजात, "नवऱ्याला? छे, त्याला पत्ता नाही."

आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि गावात वैमानिक पुष्कळ. मी पडलो हार्डवेअरच्या दुकानात खिळे मोजून देणारा.

तर ताडपत्री. गाडी विमानतळाच्या फाटकावर थांबली, मग पुन्हा चालू लागली, मग बंद झाली. मी श्वास रोखून होतो. ताडपत्री उचलली, पण ग्लेंडाने नव्हे. वर ऑर्नेलास नावाचा पहारेकरी उभा होता.

"बाहेर या. कोण तुम्ही?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात पन्नास पावलांवर मला ग्लेंडा दिसली. अंगात जाडजूड पिवळा कोट, डोक्यावर शिरस्त्राण, आणि ती चढत होती आगीच्या बंबावर. गावच्या अग्निशमन पथकात ती आहे, हे मला ठाऊक होतं. ते पथक इथे उभं असतं, हे ठाऊक नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की मी हसलो. (पहारेकऱ्यासमोर हसू नये.)

"तो बंब कशाला?" मी विचारलं.

"बंबावर माणूस नसेल तर यान उडत नाही. तुम्ही त्या बाईंना ओळखता?"

इथे माझं डोकं चालायला लागलं, आणि ते चाललं की काहीतरी मोडतंच. बायकोने नवऱ्याला चोरून आत आणलं असं ठरलं, तर तिला बंबावरून उतरवतील. बंब नाही म्हणजे उड्डाण नाही. कुंपणाशी बसलेलं गाव मला जिवंत सोडणार नाही.

"मुळीच नाही," मी म्हणालो. "न्याहारीच्या हॉटेलाबाहेर गाडी उभी होती. डुलकी आली म्हणून शिरलो."

त्याने ते लिहून घेतलं. मी झोकात सही केली. बायकोसाठी मी आयुष्यात केलेला तो सगळ्यात मोठा त्याग होता. मग त्याने मला बिनखिडकीच्या खोलीत बसवलं.

पाच मिनिटांत दार उघडलं आणि ग्लेंडाच आत आली.

"ऑर्नेलास, घरी कोणी फोन उचलत नाहीये. कोणाला तरी पाठवून माझ्या... मर्विन?"

"बाई, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय," मी म्हणालो.

"अरे, मी तुला फोन करतेय. आज घरच्या एका माणसाला बंबाजवळ उभं राहायला पास आहे. हा बघ."

मी ताडकन उठलो. "मी हिचा नवरा आहे."

ऑर्नेलासने माझी सही वर धरली. "पास दिसला की नवरे बरेच निघतात."

"ग्लेंडा, सांग ना त्याला."

"आधी तू सांग. ताडपत्रीखाली काय करत होतास?"

"मला वाटलं, तुझं कुठल्यातरी वैमानिकाशी काहीतरी..."

बाहेर भोंगा वाजला. ग्लेंडाने शिरस्त्राण नीट केलं.

"बाई, हे तुमचे खरंच नवरे?" ऑर्नेलासने विचारलं.

"सही केलीय ना त्यांनी? मग राहू दे," ती म्हणाली आणि गेली.

पुढचे दोन तास मी भिंतीवरचा आग विझवण्याचा तक्ता वाचला. एकदा धडाम् असा आवाज झाला, मग कुंपणाकडून आरोळ्या आल्या. त्यात अर्लची मी ओळखली.

घरी आल्यावर ग्लेंडाच्या डोळ्यांत अजून पाणी होतं. पांढरी रेघ सरळ वर गेली, मग यान कापसासारखं खाली आलं, वैमानिकाने उतरल्यावर सगळ्यांना हात केला, सगळं तिने सांगितलं. मी शेवटी विचारलंच, "मला आदल्या रात्री का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर सकाळपर्यंत खिळे नेणाऱ्या प्रत्येकाला कळलं असतं," ती बूट काढत म्हणाली. "एकतीस वर्षांत तू एकच गोष्ट कोणाला न सांगता लपवून ठेवलीस, मर्विन. मी तुझी बायको आहे, ही."